जमिनीखालची द्राक्षं

माझी नात म्हणते, आजी, तू खोटं किती सफाईनं बोलतेस. ती कौतुकानं म्हणते, म्हणून मी रागावत नाही. पण ही सफाई फार उशिरा आली. तरुणपणी मी जे खोटं बोलायचे ते इतकं बावळट असायचं, की त्याची आठवण झाली की आजही सिल्वासाच्या आमली भागातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी एकटीच हसत बसते आणि सून आतून विचारते, "आई, काय झालं?" काय झालं ते एकदा लिहून टाकावं, म्हणजे तिचं विचारणं तरी बंद होईल. वीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली आहेत. इतक्या पोरांची वजनं लिहिली, आता स्वतःची अक्कल तोलायला काय हरकत आहे.

आम्ही काथोडी. खैराच्या लाकडातून काथ काढणारे म्हणून काथोडी. खैर तोडायला बंदी आली, काथ कारखान्यात व्हायला लागला, नाव तेवढं आमच्याकडे उरलं. माझं माहेर जव्हारकडचं. सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकले. तिथे नखं कापायला शिकवलं, रांगेत उभं राहायला शिकवलं. घरी आपण काय खातो ते कुणाला सांगायचं नसतं, हे मात्र कुणी शिकवलं नाही. ते मी माझं मीच शिकले आणि त्यात पहिला नंबर काढला.

लग्न होऊन दुधनीच्या बाजूला, धरणाच्या पाण्यापलीकडच्या पाड्यावर आले तेव्हा मी स्वतःला जवळजवळ कलेक्टर समजत होते. सासू बुटकी, हाडकुळी, आणि सतत खाली बघत चालणारी. मला वाटायचं, बिचारी लाजते. पुढे कळलं, बिचारी वाचते. कुठे ससा गेला, कुठे घोरपड वळली, कुठला सुकलेला वेल नुसताच सुकलाय आणि कुठल्याच्या पोटाखाली कंद आहे, सगळं तिला पुस्तकासारखं दिसायचं. आणि मी तिला सही करायला शिकवायला निघाले होते.

आमच्याकडे कडूकंद असतो. रानातल्या वेलाखाली खोल गाडलेला. खणून आणला की सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि टोपलीत भरून वाहत्या ओहोळात ठेवून द्यायच्या, चांगला एक दिवस. वाहतं पाणी त्याचं विष घेऊन जातं. एकदा सासू मध काढणाऱ्यांबरोबर रानात गेली आणि घरी मी एकटी. म्हटलं, ओहोळात कुठे ठेवायचं उघड्यावर, गुरं पाणी पितात तिथे. मी सातवी पास, स्वच्छतेचा धडा तोंडपाठ. हंड्यातल्या तीन पाण्यांनी खळखळून धुतलं, फोडणी दिली, वरून कोथिंबीरसुद्धा घातली. तेवढ्यात दारात जंगलखात्याचा शिपाई. हा दर पंधरवड्याला यायचा, सासूचा कोयता जप्त करायचा आणि कोंबडी घेऊन परत द्यायचा. मी त्याला बसवलं, थाळी वाढली. पाहुण्याचा आदर हाही धडा पाठ होता.

त्यानं दोनदा मागून खाल्लं. मग घसा धरला, मग ओहोळाकडे पळाला, तो तिथेच बसला. संध्याकाळी सासू आली, तिनं ओहोळातला शिपाई बघितला, घरातलं पातेलं बघितलं, बोट लावून चाटलं आणि थुंकली. मला वाटलं, आता माहेरी धाडणार. ती म्हणाली, "बाय, अजून आहे का यातलं? उद्या रेंजर येणारे." लग्नानंतर तिनं मला पहिल्यांदा बाय म्हटलं ते असं. शिपाई पुढे दोन महिने फिरकला नाही. तेवढे दोन महिने कोयता घरात राहिला.

कोयत्याचं एवढं काय, असं इथल्या सोसायटीतल्या बायका विचारतील. जमीन आमच्या नावावर कधी नव्हती. रान होतं तेच शेत, तेच वाण्याचं दुकान. रानात जायचं तर कोयता आणि खणायची काठी, बस्स. ते काढून घेतलं की दिवाळीनंतर वीटभट्टी नाहीतर कोळशाची भट्टी, कुटुंबच्या कुटुंब, पोरासोरांसकट. माझं पहिलं मूल भट्टीवर पोटात वाढलं आणि पावसाळ्यात पाड्यावर जन्माला यायला निघालं. धरणाचं पाणी चढलेलं, होडी बंद. दवाखाना पाण्याच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. ते मूल राहिलं नाही. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

त्या वर्षी नवऱ्याला सिल्वासाजवळ नरोलीत धाग्याच्या कारखान्यात काम लागलं. पुढचं मूल मी पाण्याच्या त्या बाजूला, दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर जन्माला घालणार, हे मी ठरवून टाकलं. त्यासाठी खोली हवी होती. बाकी काही नको, देवसुद्धा मागाहून चालला असता.

खोली मिळाली. एक म्हातारी गुजराती मालकीण, तिला सगळे बा, म्हणजे आई, म्हणायचे. स्वतःचं जुनं कौलारू घर, मागे धान्याचं कोठार आणि कोठाराला लागून भाड्याच्या आठ खोल्यांची रांग. ओट्यावर बसवून तिनं आम्हाला पाणी दिलं आणि बोलता बोलता सांगितलं, की आधीच्या भाडोत्र्यांची जात मागाहून समजली. काथोडी निघाले. उंदीर खातात ने ते लोक. आठ दिवसांत काढलं, खोली गोमूत्रानं धुऊन घेतली. मग तिनं प्रेमानं विचारलं, "तुम्ही कुठले?"

नवऱ्यानं तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, "नाशिकचे."

"शेती असेल ने?"

समोरच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर द्राक्षांचा घड. त्या जागी उंट असता तर मी उंटाचे कळप सांगितले असते. म्हणाले, "द्राक्षाची बाग आहे."

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण माझी जीभ म्हणजे उतारावरची सायकल. बाग मोठी आहे, दिरांनी वाटून घेतली, वाद झाला, म्हणून आम्ही स्वाभिमानानं बाहेर पडलो, असं सगळं मी त्या ओट्यावर एका दमात उभं केलं. नवरा माझ्याकडे असा बघत होता जसा काही त्यालाही आजच कळलं. त्याला खोटं जमत नसे. म्हणून मी त्याला एकच वाक्य शिकवून ठेवलं: कुणी बागेचं काही विचारलं तर म्हणायचं, यंदा बरं आहे. तो बिचारा पुढे दोन वर्षं, सकाळ असो संध्याकाळ असो, यंदा बरं आहे म्हणत फिरला. कंपनीत त्याचं तेच नाव पडलं.

मला ती वहू म्हणायची, म्हणजे सून. पहिल्याच माघात म्हणाली, "वहू, बागेतली द्राक्षं नाही आली?" झालं. मी आमलीच्या बाजारात गेले, घासाघीस करून द्राक्षं घेतली, टोपलीत पानं घालून वर रचली आणि दिरानं पाठवली म्हणून दिली. दुसऱ्या वर्षीही दिली. बा आवडीनं खायची आणि साल जरा जाड आहे म्हणायची. आम्ही दोघांनी त्या दोन वर्षांत एक मणी तोंडात टाकला नाही, परवडतच नव्हता. असे आम्ही बागायतदार.

शेजारच्या खोलीत धुळ्याकडची एक बाई होती. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच पाळीत. ही बाकडे झाडलोट करायची, कोठारही तीच झाडायची. जिभेला हाड नसलेली, पण मायाळू. मला उलट्या सुरू झाल्या तेव्हा तिनंच ओळखलं. "काय वो बहिनी," म्हणाली, "द्राक्षं बाधली का?" आणि त्या दिवसापासून माझं पाणी तीच भरायची.

वैशाखात मला सातवा लागला आणि सासू आली. पावसाच्या आत यायचं ठरलं होतं, कारण एकदा पाणी चढलं की ती तिकडे आणि मी इकडे. डोक्यावर गाठोडं, हातात लोखंडी टोकाची खणायची काठी, आणि दारूच्या जुन्या बाटलीत मध. बाटलीवरचा कागद तिनं ओहोळात भिजवून, दगडानं घासून काढला होता. तेवढी रीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळायची.

मी तिला दारातच आत ओढलं आणि कानात सगळं सांगितलं. खोलीची भीती सांगितली, गोमूत्र सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे मी आता कोण?"

"नाशिकची. द्राक्षवाली."

"द्राक्षं म्हणजे?"

मी घाईत होते. म्हटलं, वेलाला लागतात, खायची असतात, एवढं पुरे. ही माझी चूक. वेलाचं खायचं कुठे असतं, हे तिला माझ्याकडून शिकायची गरज वाटली नाही. तिच्या आयुष्यात प्रत्येक वेलाचं खायचं एकाच जागी असायचं.

संध्याकाळी बानं तिला ओट्यावर चहाला बोलावलं. मी मागोमाग गेलेच. काठी बघून बानं विचारलं, हे काय. मी म्हटलं, वेल बांधायला लागते. सासूनं माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली आणि काठीनं वेल बांधते. मग बा म्हणाली, "बेन, बागेची मेहनत फार असेल ने?"

"मेहनत म्हणजे शोधायची," सासू म्हणाली. "वेल झाडावर चढलेला असतो."

"झाडावर? मांडवावर ने?"

"मांडव कोण घालणार रानात." मला खोकला आला. सासूनं माझ्या पाठीवर थापटलं आणि पुढे चालू ठेवलं. "पानं झडली, वेल सुकला, की खणायचं."

"काय खणायचं?"

"द्राक्षं."

बाच्या हातातली बशी तोंडाजवळ थांबली. सासूला वाटलं, बाईला गोडी लागली ऐकायची. ती रंगात आली. म्हणाली, एकेक हातभर खोल असतं, काही तर एवढं खोल, की माणूस कंबरेपर्यंत आत जातो. दगडात अडकलं तर दिवस जातो. सगळं काढायचं नाही, वरचं टोक ठेवून माती परत लोटायची, म्हणजे पुढच्या वर्षी वेल तिथेच येतो. आमच्या सासूनं ठेवलेल्या टोकांवर आम्ही खाल्लं, आम्ही ठेवलेल्या टोकांवर ही पोर खाते. कच्चं खायचं नाही, घसा धरतो. चकत्या करून उकडायचं आणि वाहत्या पाण्यात ठेवायचं.

"द्राक्षं," बा म्हणाली.

"द्राक्षंच. माझ्या या सुनेनं एकदा नुसती धुऊन वाढली. एक माणूस मरता मरता वाचला."

मी जमिनीकडे बघत बसले. तिथे स्वतःला गाडून घ्यायला जागा होती का, तेवढं बघत होते. बानं बशीतला चहा सावकाश संपवला, म्हणाली, हां ने, प्रत्येक मुलखाची रीत वेगळी. आणि मला वाटलं, वाचलो. बघा म्हणजे, माझी अक्कल किती होती.

परत येताना सासू कोठाराच्या मागच्या चिकूच्या झाडापाशी थबकली. भिंतीच्या कडेला बारीक, ताज्या मातीचा ढीग होता. तिनं पायाच्या अंगठ्यानं तो नुसता हलवला आणि हसली. मी म्हटलं, आई, चला. ती माती मला दोन महिने दिसत होती. घूस होती खाली, चांगली जुनी. आमच्या पाड्यावरची तीन वर्षांची पोरसुद्धा सांगेल. पण नाशिकच्या द्राक्षवालीला ते कसं दिसणार? म्हणून मी तिथून जाताना आभाळाकडे बघत जायचे. दोनदा ठेचकाळले.

सासू चार दिवस गप्प बसली. तिच्या दृष्टीनं ते उपासच होते. दारात बसायची, चिकूकडे बघायची, आणि बोटं आपोआप मातीत काहीतरी उकरायची. मी डोळे वटारले की हात पदराखाली.

पाचव्या दिवशी सकाळी आरडाओरडा ऐकू आला. बाच्या कोठारातली कणगी, ती बांबूची, शेणानं लिंपलेली उंच कणगी, भाताची होती. बघावं तेव्हा भात खाली गेलेला. सांडलेला दाणा कुठे नाही, भोक कुठे नाही. आणि कोठारात बाखेरीज जाणार कोण? झाडणारी. धुळेवाली हातात केरसुणी घेऊन कोठाराच्या दारात उभी होती आणि तिच्या खोलीतलं सामान बाचा भाचा बाहेर आणून ठेवत होता. ती रडतही नव्हती. एकच सारखं म्हणत होती, "मी चार दाणेबी उचलले नाहीत वो."

मी दारातच उभी राहिले. मला माहीत होतं भात कुणाकडे आहे. त्या अख्ख्या नरोलीत मला आणि सासूला, दोघींनाच माहीत होतं. आणि मी मनात काय म्हणत होते? दोन महिने, देवा, फक्त दोन महिने गप्प राहू दे, मूल होऊ दे, मग सांगेन. ज्या बाईनं माझं पाणी भरलं तिच्या पातेल्यांचा आवाज ऐकत मी दोन महिन्यांचा हिशेब घालत होते. माझ्या तरुणपणाची मी एवढी टिंगल करते, पण हे आठवलं की टिंगल करायलाही जीभ वळत नाही.

सासू माझ्या बाजूनं बाहेर गेली. कोठारात शिरली, कणगीच्या कडेला टाचा उंच करून आत बघितलं आणि बाला म्हणाली, "इकडे ये. भात मधे खचलाय ना? खळगा पडलाय. वरून चोरलं तर माणूस कडेकडेनं नेतो. मधे खळगा म्हणजे खालून ओढलंय."

मी धावत गेले, म्हणजे सातव्या महिन्यात जेवढं धावता येतं तेवढं, आणि म्हटलं, बागेत पण उंदीर फार असतात हो, द्राक्षं खातात, म्हणून आईंना थोडी माहिती आहे. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. सासू काठी घेऊन चिकूखाली गेली होती.

तिनं मला एका पाटावर लांब बसवलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. मग जमिनीवर तळहात आपटून कान लावला. एक तोंड मातीनं बुजवलं, दुसरं दगडानं. धुळेवालीला केरसुणी टाकून तिसऱ्यावर उभं केलं. आणि खणायला लागली. साठीच्या बाईचे ते हात बघायला खोल्यांमधली सगळी माणसं जमली. माती उजवीकडे, खडे डावीकडे, बीळ कुठे वळतं तिथे आधीच काठी. कमरेएवढं खणल्यावर तिनं हात आत घातला आणि ओंजळ बाहेर काढली. भात. मग आणखी ओंजळ. घुशीनं खाली असं नीट रचून ठेवलं होतं, की बापेक्षा तिचंच कोठार व्यवस्थित दिसत होतं. धुळेवाली मटकन खाली बसली. आणि ती बसली म्हणून तिसरं तोंड मोकळं झालं.

पण घूस तिथून आली नाही. घुशीचं एक चौथं तोंड असतं. पळायच्या वाटेचं, वर फक्त मातीचा पापुद्रा असतो, बाहेरून दिसत नाही. ते माझ्या पाटाशेजारी होतं. माती फुटली आणि मांजराएवढी घूस बाहेर उसळली. बायका किंचाळल्या, बाचा भाचा ओट्यावर चढला.

आता मी काय करायला पाहिजे होतं? किंचाळायला. नाशिकची, बागायतदाराची, पोटुशी बाई, मी बेशुद्ध पडले असते तरी शोभलं असतं. मी डाव्या हातानं तिच्यावर पदर टाकला, उजव्या हातानं मान धरली, पाटाच्या कडेवर एकदा आपटली आणि संपवली. हेसुद्धा खपलं असतं. घाबरून झालं म्हणाले असते. पण मेलेली घूस हातात आली आणि माझा अंगठा, मला न विचारता, तिच्या पाठीवरून मांडीपर्यंत फिरला, जसा माझ्या आईचा फिरायचा, आणि मी आमच्या बोलीत मोठ्यानं म्हणाले, "चरबी बघ काय धरलीय. दोन वेळा होतील."

सगळ्यांत आधी धुळेवाली बोलली. "काय वो बहिनी," तिनं डोळे पुसत विचारलं, "द्राक्षाच्या बागेत हेबी शिकवतात का?"

दुपारी बानं आम्हाला ओट्यावर बोलावलं. पाणी दिलं नाही, त्यावरून काय ते कळलं. धुळेवालीचं सामान तिनं परत आत ठेवायला लावलं होतं आणि तिला भाताची पाटी दिली होती. आता आमची पाळी.

"द्राक्षं जमिनीत नाही लागत ने, वहू," ती म्हणाली. "माझी मोठी बेन नाशिकला दिलेली आहे. आणि दिराच्या टोपलीत खाली आमलीच्या फळवाल्याचा कागद कसा, ते मी दोन वर्षांपासून विचारणार होते."

मी म्हटलं, मग विचारलं का नाही. ती म्हणाली, गरीब माणसं बढाई मारतात, त्यात काय, द्राक्षं तर मिळत होती. पण जात लपवली हे वाईट केलं. महिना संपला की खोली खाली करा. तिला आमचं खोटं दोन वर्षं चाललं होतं. खरं एक दिवस चालेना.

डोळ्यांपुढे धरणाचं ते पाणी आलं, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. मी हात जोडायला लागले तर सासूनं माझा हात खाली दाबला आणि उठली. म्हणाली, जातो. जायच्या आधी एकदा बीळ बुजवून येते, उघडं बरं नाही. ती चिकूखाली गेली, वाकली, कान लावला, बराच वेळ लावला, आणि हात झाडत परत आली.

"बा, एकच सापडली," ती म्हणाली. "मादी आत आहे."

बानं विचारलं, म्हणजे.

"पावसात विणार. एका खेपेला आठ-दहा. मग त्या पिल्लांची पिल्लं."

"पिंजरा लावीन."

"लाव. यांचे आजे-पणजे पिंजरे बघत म्हातारे झाले."

"मग करायचं काय?"

"ऐकत राहावं लागतं. पंधरा दिवसांनी एकदा कान लावायचा, वर आली की धरायची. आलो असतो पाड्यावरून. पण पावसात होडी बंद." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चल बाय, भांडी बांध."

बानं कोठाराकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, परत कोठाराकडे बघितलं. मग म्हणाली, "पावसापुरते राहा. पण ते खोलीत शिजवायचं नाही."

"नाही शिजवणार," सासू म्हणाली. घूस तिनं आधीच चिकूमागे भाजून पानात बांधून ठेवली होती. शिजवणं आणि भाजणं वेगळं. तिनं शब्द मोडला नाही.

श्रावणात सिल्वासाच्या दवाखान्यात माझा मुलगा झाला. जाताना रिक्षात एका बाजूला सासू, एका बाजूला धुळेवाली. बाराव्या दिवशी बा दारापर्यंत आली, आत आली नाही, झबलं हातात दिलं आणि सासूला विचारलं, आवाज येतो का अजून. सासू म्हणाली, येतो.

पावसाळा संपला. कापणी झाली, नवा भात आला, मग तर राहणं भागच होतं. तसे आम्ही तिथे अकरा वर्षं राहिलो. मीच एकदा सासूला विचारलं, आई, खरंच मादी होती का आत? ती माझ्याकडे त्या काठीच्या दिवशीसारखीच बघून म्हणाली, "असती तर मी सोडली असती?"

मधे मला अंगणवाडीत काम लागलं, मुलगा शाळेत जायला लागला. एका उन्हाळ्यात आम्ही सासूला वासोण्याच्या सफारीत सिंह दाखवायला नेलं. जाळीच्या बसमधून तिनं सिंह बघितला. गाडीचा आवाज झाला तरी त्यानं मान वळवली नाही. तिनं विचारलं, हा शिकार कुठे करतो. मुलगा म्हणाला, करत नाही आजी, त्याला मटण आणून देतात. ती म्हणाली, "यालापण रानातून काढलाय. फक्त याला जेवायला घालतात." बसमधले सगळे हसले. ती नाही हसली.

शेवटच्या वर्षांत बाची शेतं एका कंपनीनं घेतली. भात पिकायचा बंद झाला. कणगी रिकामी, मग तीही मोडली, कोठारात कुणाच्या तरी मोटारसायकली उभ्या राहायला लागल्या. भाचा बाला सांगत होता, खोल्या पाडून मोठी इमारत बांधू, भाडोत्री काढू. त्या दिवशी बानं ओट्यावर सगळ्यांदेखत सासूला हाक मारली. तोवर सासूला बसायला आतली चटई मिळायला लागली होती, आणि दर पौषात बा स्वतःच विचारायची, बेन, तुमची जमिनीखालची द्राक्षं या वर्षी आली की नाही. ओहोळात दिवसभर ठेवलेली, तिखट-मीठ लावलेली, ती चवीनं खायची आणि साल जाड आहे म्हणायची.

"बेन," बा म्हणाली, "बघ बरं, आवाज येतो का?"

सासू कोठारात गेली. गुडघे कुरकुरले, दोन मोटारसायकलींच्या मधे ती कशीबशी बसली, फरशीला कान लावला आणि डोळे मिटले. बाहेर आम्ही सगळे थांबलो. तीन वर्षं त्या कोठारात दाणा नव्हता.

"येतो," ती म्हणाली.

बा भाच्याकडे वळली. "ऐकलं ने? यांना नाही काढता येणार."